श्रद्धेवर रिपोर्टचा भार टाकू नका

प्रश्न: माझं वय ५२. अंडाशयाचा कर्करोग, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, सहापैकी तीन केमो झाल्या, दर २१ दिवसांनी एक. आयुष्यभर रोज पहाटे प्रार्थना आणि जप करत आले. आता पाच मिनिटंही मन लागत नाही. केमोनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री तर वाटतं, आपलं ऐकणारं कुणी नाहीच. मग असं मनात आलं याचीच भीती वाटते. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठवड्यातून एक दिवस निर्जळी उपवास बोलले आहे. घरचे म्हणतात, रडू नकोस, वाईट विचारांनी आजार वाढतो. सगळे सांगतात, आजचा दिवस जग. पण सीए-१२५ ची (या कर्करोगाचा मागोवा घेणारी रक्ताची) तपासणी जवळ आली की आठवडाभर दुसरं काही सुचत नाही. नेटवर पाच वर्षांचे आकडे वाचले तेव्हापासून झोप उडाली आहे. श्रद्धा टिकवायची कशी, आणि 'आजमध्ये जगायचं' म्हणजे नक्की करायचं काय?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या त्या तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासूनच सुरुवात करू, कारण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही तिथेच लिहिली आहे. तुमच्या आजारात बहुतेक वेळा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन ही दोन औषधं देतात. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी उसळू नये म्हणून आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, आणि मळमळीसाठी ते बऱ्याचदा पुढे एक-दोन दिवस चालू ठेवतात. स्टेरॉइड अंगात असतं तेव्हा माणूस तरतरीत असतो, झोप मात्र लागत नाही. ते उतरलं की मनही उतरतं. उगाच रडू येतं, चिडचिड होते, अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं वाटतं. पॅक्लिटॅक्सेलची हाडं-सांधे ठणकण्याची वेळही साधारण हीच, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची. तीन रात्रींचं जागरण, ठणकणारं अंग आणि उतरलेलं स्टेरॉइड हे सगळं एकाच रात्री जमून येतं, आणि त्या रात्री तुम्ही देव आहे की नाही याचा निकाल लावायला बसता.

एक वही करा. केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस, असं धरून २१ दिवस मांडा. रोज रात्री तीनच नोंदी: झोप किती तास, दुखणं दहापैकी किती, मन कसं होतं. दोन फेऱ्यांत तुम्हालाच दिसेल की काळोखाचे दिवस ठरलेले आहेत आणि ते सरतातही. ही वही डॉक्टरांना दाखवा आणि दोन गोष्टी विचारा. स्टेरॉइडच्या गोळ्या संध्याकाळऐवजी सकाळी आणि दुपारी घेता येतील का? आणि ठणक्यावरचं औषध दुखणं वाढण्याआधीच, ठरलेल्या वेळी घेतलं तर चालेल का? स्वतःच्या मनाने मात्र वेळा किंवा डोस बदलू नका. आणि एक नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा: दुसऱ्या ते पाचव्या दिवसात श्रद्धा, उपचार आणि पुढचं आयुष्य यांबद्दलचा कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. मनात येईल ते येऊ द्यायचं, वहीत लिहायचं आणि आठव्या दिवशी वाचायचं.

आता मन न लागण्याबद्दल. केमोच्या काळात लक्ष टिकत नाही, शब्द आठवत नाहीत, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. हे औषधांमुळे, थकव्यामुळे आणि अपुऱ्या झोपेमुळे होतं, उपचार संपल्यावर बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, आणि भक्ती कमी झाल्याची ती खूण नाही. पूर्वीची पहाटेची साधना तशीच्या तशी रेटू गेलात तर रोज ती अर्धवट राहील आणि रोज अपराधी वाटेल. त्यापेक्षा ती लहान करा. मोठ्या पाठाऐवजी एकच ओळ घ्या, ती मनातल्या मनात न म्हणता हलक्या आवाजात म्हणा. आपलाच आवाज कानावर पडला की भरकटलेलं लक्ष परत येतं. वाचवत नसेल तर ऐका. पहाटेचा हट्टही सोडा. ज्या वेळी मळमळ आणि थकवा सगळ्यात कमी असतो ती वेळ तुमची, मग ती दुपारी चार का असेना.

माळेवर जप करत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. बोटांखालून मणी सरकतो तो जाणवतो का? पॅक्लिटॅक्सेलने बोटांच्या टोकांच्या नसा बधिर होतात, मुंग्या येतात, मणी निसटतात, मोजणी चुकते, आणि माणूस समजतो की आपलं चित्तच थाऱ्यावर नाही. तसं होत असेल तर मोठ्या मण्यांची माळ घ्या किंवा दुसऱ्या हाताच्या पेरांवर मोजा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या केमोच्या आधी हे डॉक्टरांना सांगाच. गुंडी लावता येत नाही, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, अशी ठोस उदाहरणं देऊन सांगा. बधिरता वाढत असेल तर डोस कमी करावा लागतो. सांगायला उशीर झाला तर ती बरेच महिने रेंगाळते, कधी कायमचीही राहते.

देवावर राग येतो, तो आहे की नाही अशी शंका येते, हे पाप आहे का, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण भीती तीच आहे. जगातल्या अनेक मोठ्या धर्मपरंपरांत देवाशी भांडणारे, त्याला जाब विचारणारे भक्त आहेत, आणि परंपरांनी त्यांची वचनं टाकून दिलेली नाहीत, जपून ठेवली आहेत. भांडण हेही बोलणंच असतं. आजारातल्या श्रद्धेचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट दोन प्रकार वेगळे करतात. देव आपल्याबरोबर आहे या भावनेने माणसाला आधार मिळतो. 'देव मला शिक्षा करतोय', 'त्याने मला टाकलं' ही भावना मनात घट्ट बसली, तर मात्र माणूस आणखी खचतो. म्हणून राग दाबू नका, पण शिक्षेचा विचार एकट्याने चघळतही बसू नका. तो कुणापाशी तरी उघड बोला: तुमच्या धर्मातलं एखादं जाणतं, मायाळू माणूस, रुग्णालयातले समुपदेशक, एखादी जुनी मैत्रीण. निवड करताना एवढंच पाहा की तुमचं बोलणं संपायच्या आत ती व्यक्ती उपदेश सुरू करत नाही ना. कर्करोग पेशींमधल्या जनुकीय बदलांतून होतो. त्याची गाठ कुठल्याही पापाशी नाही.

मग तुमचा उपास. इथे आम्ही स्पष्टच बोलतो, तो आजपासून थांबवा. कार्बोप्लाटिनचा डोस तुमच्या मूत्रपिंडांच्या कामावरून मोजून ठरवतात. दिवसभर पाणी न पिण्याने मूत्रपिंडांवर ताण येतो, उलट्या-जुलाबांच्या दिवसांत तर फारच. वजन आणि स्नायू उतरले तर केमो पुढे ढकलावी लागू शकते. मधुमेह असेल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका वेगळाच. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची सोय बहुतेक धर्मांत आहे. बोललेलं मोडलं ही टोचणी राहत असेल, तर तुमच्या मार्गातल्या अधिकारी व्यक्तीकडून बदली मागून घ्या: दान, मौनाचा एक तास, एखाद्याची सेवा, शरीराला न झिजवणारं काहीही. कुणी दिलेलं चूर्ण किंवा काढा चालू असेल तर तोही डब्यासकट डॉक्टरांना दाखवा. काही वनस्पतींमुळे केमोची औषधं शरीरात जास्त साठतात, काहींमुळे लवकर निघून जातात.

पण उपासापेक्षा त्यामागची अट आम्हाला जास्त काळजीची वाटते. रिपोर्ट चांगला यावा म्हणून व्रत केलं, की वाईट रिपोर्ट म्हणजे 'माझी भक्ती कमी पडली' असाच अर्थ निघतो. प्रार्थनेची परीक्षा रक्ताच्या नळीत घ्यायची नसते. तसा प्रयत्न झालेला आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यात तर ती थोडी जास्तच आढळली, ५९ टक्के. खात्री दिली नव्हती त्यांच्यात ५२. याचं पक्कं कारण कुणी दाखवलेलं नाही. पण एवढं धरून चाला, की रिपोर्ट बरा आणणं हे काम श्रद्धेवर सोपवलं तर श्रद्धेचंही नुकसान होतं आणि तुमचंही.

म्हणजे बरं होण्याची प्रार्थना करायची नाही असं अजिबात नाही. ती करा, मनापासून करा. फक्त तिच्या जोडीला आणखी दोन मागण्या ठेवा. एक आजपुरती आणि नेमकी: 'सलाइन लावताना हात स्थिर राहू दे', 'आज मुलीवर चिडू नको देऊस'. दुसरी कुणा दुसऱ्यासाठी, नाव घेऊन: शेजारच्या खुर्चीवर केमो घेणारी बाई, तुमच्यासाठी जागणारा घरातला माणूस. आजपुरती मागणी रात्री आठवून पाहता येते, आणि पुष्कळदा ती पुरी झालेली असते. श्रद्धा पुन्हा पायावर उभी राहते ती अशा लहान गोष्टींवर.

घरच्यांना मात्र हे वाचून दाखवा: रडण्याने कर्करोग वाढत नाही. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती जगेल हे सांगता येत नव्हतं. मन सांभाळायचं ते दिवस सुसह्य व्हावेत म्हणून, औषधं वेळेवर घेतली जावीत म्हणून. आजारी माणसाने सगळ्यांसमोर हसतमुख राहायचं, हे एक वेगळंच ओझं होऊन बसतं. जवळच्यांनी 'सगळं ठीक होईल' म्हणण्याऐवजी 'आत्ता काय वाटतंय?' एवढं विचारावं आणि पुढची दोन मिनिटं गप्प बसावं.

आता आजमध्ये जगण्याचं. विचार मनात येऊच द्यायचे नाहीत, असा याचा अर्थ बहुतेक जण घेतात आणि हरतात, कारण दाबलेला विचार दुप्पट जोराने वर येतो. मन चिंती ते वैरी न चिंती, हे खरंच आहे. म्हणून चिंतेला बंदी घालू नका, वेळ नेमून द्या. रोज २० मिनिटं, ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी सहाला, ठरलेल्या खुर्चीवर. पलंगावर नाही, आणि झोपायच्या आधीच्या तीन तासांत नाही, नाहीतर अंथरूण आणि भीती यांची सांगड बसते. हातात कागद, फोन दूर. कागदाच्या डाव्या बाजूला ज्याबद्दल काही करता येईल ते, उजव्या बाजूला ज्याबद्दल काहीच करता येत नाही ते. डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे पुढचं एक पाऊल आणि तारीख. उजवी बाजू तुमच्या प्रार्थनेत न्या आणि तिथे ठेवून या. २० मिनिटं झाली की उठा. इतर वेळी चिंता आली की तिला एक शब्दाची चिठ्ठी लिहा आणि 'सहा वाजता' म्हणून बाजूला ठेवा. पहिले आठ-दहा दिवस हे खोटं-खोटं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. दोन-तीन आठवडे तरी नेटाने करा.

डाव्या बाजूला बहुधा असे विषय येतील जे घरात कुणी काढत नाही: बँकेची कागदपत्रं, मृत्युपत्र, तुम्हाला बोलता आलं नाही तर उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे. हे अभद्र नाही. न बोललेल्या याच गोष्टी रात्री दोनला डोक्यात फिरतात. आठव्या दिवसानंतर, एका विश्वासाच्या माणसाबरोबर एक तास बसून त्या लिहून टाका. पुढची तजवीज करून ठेवली की आजचा दिवस मोकळा होतो. आशा सोडली असा त्याचा अर्थ नाही.

दिवसाची आखणीही २१ दिवसांच्या चक्राशी जोडा. पहिल्या आठवड्यात एका दिवसाला एकच काम: आंघोळ करून उन्हात दहा मिनिटं बसलात तरी तो दिवस सार्थकी लागला. दुसऱ्या आठवड्यात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी, कधी त्यापुढेही, पांढऱ्या पेशी कमी असतात. तेव्हा गर्दीच्या प्रार्थनास्थळी जाणं टाळा, घरात हलकं चालणं ठेवा; कर्करोगाच्या थकव्यावर थोडं-थोडं चालणं हा नुसत्या विश्रांतीपेक्षा चांगला उपाय आहे. तिसरा आठवडा तुमचा. भेटीगाठी, प्रार्थनास्थळ, नातवंडं, जे मनापासून हवं ते या दिवसांत आधीच ठरवून ठेवा. लोक चांगले दिवस पहिल्या दोन आठवड्यांत साचलेली कामं उरकण्यात घालवतात आणि मग म्हणतात, जगणं राहूनच गेलं.

भीतीची लाट आलीच तर: दोन्ही पाय जमिनीवर टेका, नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं. श्वास मोठा घ्यायचा नाही, सावकाश घ्यायचा. जोर लावला तर चक्कर येते, हातांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. ऑपरेशनच्या टाक्यांपाशी ओढ बसत असेल किंवा श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरायला होत असेल, तर श्वास सोडून द्या आणि तळव्यांखालची जमीन गार आहे की कोमट, एवढंच पाहत राहा. तुमची जपाची ओळ श्वास सोडताना म्हणता आली तर दोन्ही एकत्र साधतं.

सीए-१२५ च्या आठवड्यासाठी: साधारणपणे ३५ युनिटच्या खाली तो सामान्य धरतात, पण ऑपरेशन, पोटातली सूज किंवा पाणी यांनीही वाढतो, म्हणून डॉक्टर एका आकड्यापेक्षा त्याची दिशा पाहतात. रक्त देतानाच विचारून घ्या की निकाल कधी आणि कोण सांगणार. फोनवर रिपोर्ट आला तर तो उघडण्याचं काम घरातल्या एका व्यक्तीकडे द्या, आणि संध्याकाळी सातनंतर उघडायचा नाही असं ठरवा. रात्री कुणाला विचारता येत नाही आणि नेट मात्र उघडं असतं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी तुमच्या आवडीचं काहीतरी ठरवा आणि निकाल काहीही आला तरी ते रद्द करू नका.

नेटवरचे आकडे खोटे नाहीत, पण ते ज्यांचा आजार पाच किंवा जास्त वर्षांपूर्वी सापडला त्यांचे असतात. तुमचं वय, ऑपरेशनमध्ये किती आजार निघाला, केमोला कसा प्रतिसाद आहे, हे त्यांत नसतं. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मिळ कर्करोग निघाला, तेव्हा त्यांना संदर्भग्रंथांत 'मध्यक आठ महिने' असं वाचायला मिळालं. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आत जातात आणि निम्मे त्याहून जास्त जगतात, काही तर कितीतरी जास्त. गूल्ड त्यानंतर २० वर्षं जगले आणि वेगळ्याच कर्करोगाने गेले. तुमचंही तसंच होईल असं वचन आम्ही देऊ शकत नाही. पण मधला आकडा म्हणजे कुणाची तारीख नसते. आकडे हवे असतील तर डॉक्टरांनाच विचारा: 'माझ्यासारख्या रुग्णांमध्ये चांगल्यात चांगलं, वाईटात वाईट आणि साधारण काय होतं?'

एक गोष्ट कुठल्याही प्रार्थनेसाठी थांबत नाही: ताप. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, किंवा थंडी वाजून आली, तर दिवस असो की रात्र, लगेच रुग्णालयाला फोन करा आणि सांगतील तसं निघा. पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नका, ताप झाकला जातो आणि संसर्ग आतून वाढत राहतो. तसंच, दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं आणि तिसऱ्या आठवड्यातही कशातच रस वाटेना, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध आहे. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर त्याच दिवशी घरात आणि डॉक्टरांना सांगा.

पुढच्या भेटीत पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजारातलं दुखणं आणि मनाचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांची गाठ घालून द्यायलाही सांगा. हे नाव ऐकून घरचे घाबरतील. ती सेवा फक्त अखेरच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज फार पसरलेला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस जास्त बरे गेले, आणि ते सरासरी जास्त जगलेही: मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी वेदनेची जी व्याख्या केली तिच्यात शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा या चारही ठिकाणचं दुखणं येतं. तुमची चौथ्या रात्रीची शंका या सेवेच्या डॉक्टरांना सांगितलीत तर ते ती वहीत लिहून घेतील, झोप आणि ठणक्याबरोबरच. चौथ्या केमोच्या आधी ही भेट झाली तर उत्तम.